कवडीमोल

मराठी माणसाने एखाद्या वस्तूची मनसोक्त हेटाळणी केली असेल, तर ती कवडीची. हातचा पैसा सुटत नाही तो कवडीचुंबक. पडत्या भावाने गेलेली जमीन कवडीमोलाने गेलेली. आणि ज्याला काहीच द्यायचे नाही त्याला फुटकी कवडीसुद्धा द्यायची नाही, हा आपला बाणा! मौज अशी की, हीच कवडी आपण देवापुढेही ठेवतो. तुळजापूरच्या भवानीचे आराधी आणि गोंधळी गळ्यात कवड्यांची माळ घालतात, आणि त्या माळेचा मान सोन्याच्या साखळीहून अधिक असतो. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर नाण्यांच्या शेजारी चार कवड्या मांडणारी घरे आजही आहेत. लक्ष्मी समुद्रातून आली आणि कवडीही समुद्रातूनच आली, म्हणून त्या दोघी बहिणी, असे माझी आजी म्हणत असे. एक बहीण पाटावर बसली आणि दुसरी शिवीत जाऊन बसली, हे मात्र कसे झाले ते आजीने कधी सांगितले नाही.

मला शब्दांची घरे हुडकण्याचा नाद आहे. एखादा शब्द रोज जिभेवर असतो. पण तो कुठल्या गावचा, कुठून फिरत आला, याची आपण विचारपूस करीत नाही. रोज दारात दूध घालणाऱ्या गवळ्याचे गाव तरी आपल्याला कुठे ठाऊक असते? कवडीचे घर हुडकीत निघालो तो पुस्तकांच्या वाटेने मी थेट आफ्रिकेत जाऊन पोहोचलो. आणि तिथे पोहोचल्यावर ध्यानात आले, की एका अख्ख्या खंडाच्या व्यापाराची, लुटीची आणि पुन्हा उभे राहण्याच्या धडपडीची हकीकत या चिमुकल्या कवडीच्या आधाराने सांगता येते. दिवाळीच्या फराळाबरोबर अर्थशास्त्र वाढणे हा काही पाहुणचार नव्हे, हे मला कळते. पण ही हकीकत रुक्ष नाही. तिच्यात माणसे आहेत.

कवडीचे माहेर मालदीवची बेटे. पैशाच्या कामी येणारी ती पिवळसर, गुळगुळीत, अंगठ्याच्या नखाएवढी कवडी तिथल्या उथळ समुद्रात विपुल सापडे. बेटांवरचे लोक नारळीच्या झावळ्या पाण्यात सोडून ठेवीत. कवड्या त्यांना येऊन चिकटत. मग झावळ्या किनाऱ्यावर ओढायच्या, कवड्या वाळूत पुरायच्या, आतला जीव कुजून गेला की धुऊन काढायच्या. झाले नाणे तयार! टांकसाळ नको, राजाचा छाप नको. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी मालदीवात काही काळ काजी म्हणून राहिला होता. तिथे चार लाख कवड्यांना सोन्याचा एक दिनार पडे, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे १३५२ साली तो सहाराचे वाळवंट ओलांडून पश्चिम आफ्रिकेतल्या माली राज्यात गेला, तर तिथल्या बाजारातही हीच कवडी! मात्र तिथे एका दिनाराला कवड्या मिळत अवघ्या ११५०. म्हणजे मालदीवातून मालीपर्यंत जाता जाता कवडीची किंमत साडेतीनशे पट झाली होती. कवडीत काही फरक पडला नव्हता. मधले अंतर आणि मधले व्यापारी, यांची ती किंमत.

ही माली म्हणजे कुणी उघडीवाघडी वस्ती नव्हे. तिचा राजा मन्सा मूसा १३२४ साली हजला जाताना कैरोत उतरला, तेव्हा त्याने एवढे सोने वाटले, की तिथल्या बाजारात सोन्याचा भाव उतरला! तिंबुक्तू आणि गाओ ही गावे मिठाच्या आणि सोन्याच्या व्यापारावर भरभराटली होती. पुढे गिनीच्या किनाऱ्याकडच्या प्रदेशांतही कवडीचे चलन मुरले. तिथला कवड्यांचा हिशेबही चोख असे. चाळीस कवड्या दोऱ्यात ओवून एक सर, असे पन्नास सर म्हणजे दोन हजार, आणि वीस हजारांचे एक पोते. कवडी कुजत नाही, गंजत नाही, तिची खोटी प्रत करता येत नाही. बाजारातल्या मिरच्या विकणाऱ्या बाईलाही तिची मोड परवडते. नाणे म्हणून आणखी काय हवे? व्यापार म्हणजे काय हे आफ्रिकेला युरोपने शिकवले, अशी एक समजूत पूर्वी क्रमिक पुस्तकांतून डोकावत असे. त्या समजुतीला हे कवड्यांचे सर उत्तर देतात.

मग समुद्रावर मोठी जहाजे आली. आधी पोर्तुगीजांची, मागून डचांची आणि इंग्रजांची. मालदीवची कवडी बंगाल आणि सिलोनच्या बंदरांतून या जहाजांच्या तळाशी भरली जाई. जहाज पाण्यात डळमळू नये म्हणून तळाला काहीतरी जड घालावेच लागते. दगड घालण्यापेक्षा कवड्या बऱ्या! ती अ‍ॅमस्टरडॅमला आणि लंडनला पोहोचे, तिथे तिचे लिलाव होत, आणि लिलावात घेतलेली पोती दुसऱ्या जहाजांतून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागत. अठराव्या शतकात डच आणि इंग्रज जहाजांनी अशा रीतीने वाहिलेल्या कवड्यांची संख्या हजार कोटींच्या घरात जाते.

एवढ्या कवड्या देऊन त्यांनी घेतले काय? माणसे.

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलाम म्हणून जहाजांत कोंबली गेली. त्यांतली सुमारे १८ लाख अटलांटिक ओलांडता ओलांडताच मेली. सगळा सौदा कवड्यांतच झाला असे नाही. लोखंडाच्या कांबी, बंदुका, दारू, आणि आपल्या गुजरातचे व कोरोमंडलचे कापडही त्या तागडीत पडले. पण बेनिनच्या आखाताकडे कवडीवाचून व्यवहार पुरा होत नसे. माणसे पकडून आणणारे आणि विकणारेही बहुधा तिथलेच असत, हे लपवण्यात अर्थ नाही. डाहोमीच्या राजाने १७२७ साली विदा बंदर जिंकून घेतले. त्या बंदरातून चालणाऱ्या माणसांच्या विक्रीवर त्याची सत्ता पुढे पोसली गेली. लोभाला रंग नसतो.

मी अर्थशास्त्राचा पंडित नाही. पण घरसंसाराचा हिशेब कुणालाही कळतो. एखाद्या गावातून नांगर धरणारे, लोखंड घडवणारे, माग चालवणारे तरणेताठे हात उचलून नेले आणि त्यांच्या जागी कवड्यांची पोती ठेवली, तर गावात पैसा वाढला असे म्हणायचे, की गाव भिकेला लागले असे म्हणायचे? कवडी पेरता येत नाही. ती म्हाताऱ्या आईबापांना घास भरवीत नाही. आणि तिकडे त्याच हातांनी ऊस तोडला, कापूस वेचला. त्या साखरेने आणि कापसाने दुसऱ्याच खंडांचे वाडे उभे राहिले.

१८०७ साली इंग्लंडने गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ च्या कायद्याने आपल्या वसाहतींतली गुलामगिरीच मोडीत काढली. नुकसानभरपाईपोटी दोन कोटी पौंड मंजूर झाले. ते मिळाले गुलामांच्या मालकांना! ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या हातावर एक पेनीही पडली नाही.

माणसांचा व्यापार ओसरला, तेव्हा गोऱ्या व्यापाऱ्यांना ताडतेल हवे झाले. विलायतेत कारखाने वाढत होते. यंत्रांना वंगण, कामगारांना साबण आणि घरांना मेणबत्त्या हव्या होत्या. हे तेलही कवड्या देऊनच घेतले जाई. अशात १८४५ च्या सुमारास हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांच्या नजरेस आले, की पूर्व आफ्रिकेच्या झांझिबारकडे तशीच, पण जरा मोठी आणि फारच स्वस्त कवडी मिळते. मग काय विचारता! जहाजांमागून जहाजे भरून ती कवडी पश्चिम किनाऱ्यावर ओतली गेली. जिथे एक सर पुरत असे तिथे दहा सर लागू लागले. पुढे इंग्रज आणि फ्रेंच राज्यकर्ते आले आणि त्यांनी आपल्या टांकसाळीची नाणी चालू केली. कर भरायचा तर त्याच नाण्यांत. मडक्यांत पुरून ठेवलेल्या कवड्या, कुणाची लेकीच्या लग्नाची पुंजी, कुणाची म्हातारपणाची काठी, खऱ्या अर्थाने कवडीमोल झाल्या. आपल्याकडे ओरिसात हेच घडले होते. तिथेही कवडीचे चलन होते; कंपनी सरकारने सारा रुपयांत मागायला सुरुवात केली, आणि १८१७ च्या पाइकांच्या उठावामागे जी कारणे होती त्यांत हेही एक होते.

१९१२ साली पश्चिम आफ्रिकेच्या इंग्रजी वसाहतींसाठी चलन-मंडळ स्थापन झाले, तेही लंडनमध्ये. पूर्वी पैसा निदान समुद्रातून येत असे. आता तो एका कचेरीतून येऊ लागला.

आमच्या शाळेत एक जुना नकाशा होता. कडांना कापडी पट्टी लावलेला, गुंडाळून गुंडाळून घड्यांवर विरलेला. त्यात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ओळीने नावे लिहिली होती: दाण्यांचा किनारा, हस्तिदंताचा किनारा, सोन्याचा किनारा, गुलामांचा किनारा. पाचवीच्या वर्गाला मी ती वाचून दाखवीत होतो. दाणे म्हणजे तिकडचे एक जातीचे मिरे, हेही सांगितले. पुढच्या बाकावरची एक मुलगी नकाशाकडे टक लावून पाहत होती. ती म्हणाली,

"गुरुजी, हे किनारे आहेत की वाण्याच्या दुकानातले डबे?"

वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. पण तिच्यामागचा मुलगा हसला नाही. त्याने विचारले, "आणि गुरुजी, तिथली माणसं आपल्या किनाऱ्याला काय म्हणत असतील?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या नकाशात कुठेच नव्हते. नकाशा ज्यांनी काढला त्यांना किनाऱ्यावरून काय उचलायचे एवढेच लिहून ठेवायचे होते. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिनमध्ये चौदा राष्ट्रांचे प्रतिनिधी टेबलाभोवती बसले आणि आफ्रिकेत पाऊल रोवण्याचे नियम त्यांनी ठरवून घेतले. त्या टेबलाशी आफ्रिकेचा एकही माणूस नव्हता. घर वाटून घेताना घरच्यांना बोलवावे, ही रीत तिथे कुणाला आठवली नाही.

आणि मग आगगाडी आली. आपल्याला आगगाडी म्हणजे सुधारणा वाटते, आणि ते खोटेही नाही. पण आफ्रिकेच्या नकाशावरचे लोहमार्ग एकदा निरखून पाहावेत. गावाला गाव जोडणारे जाळे तिथे क्वचितच दिसते. बहुतेक ठिकाणी एक एकटी रेघ खाणीपासून निघते आणि नीट बंदराला जाऊन भिडते. सोन्याच्या किनाऱ्यावर सेकोंडी बंदरातून निघालेला मार्ग १९०१ साली टार्क्वाच्या सोन्याच्या खाणींपर्यंत आणि १९०३ साली कुमासीला पोहोचला. बाटलीत नळी घालून सरबत ओढावे, तसे ते मार्ग.

पूर्वेकडच्या मार्गाशी तर आपलाही संबंध आहे. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ या पाच वर्षांत बांधली गेली. त्या कामावर हिंदुस्थानातून, बहुतांशी पंजाबातून, सुमारे ३२००० मजूर नेले होते. त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. साव्हो नदीकाठी सिंहांनी मजूर खाल्ल्याच्या गोष्टी आपण चवीने वाचतो. पण त्याहून कितीतरी अधिक माणसे तापाने आणि आजाराने गेली, त्यांची गोष्ट होत नाही. गोव्याचे कारकून, शिंपी आणि स्वयंपाकी त्या मुलखात पोटासाठी गेले. १९२० पर्यंत तिथे आपला रुपयाच चालत असे, आणि त्या रुपयाचे खुर्दे म्हणून पैसाही चाले. हा पैसा ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

खाणी आणि मळे काढले, पण त्यांत राबायला माणसे कुठून आणायची? आपल्या शेतात खाऊनपिऊन सुखी असलेला माणूस दुसऱ्याच्या खाणीत का उतरेल? यावर एक साधी युक्ती निघाली. त्याच्या झोपडीवर कर बसवायचा. कर नाण्यांत भरायचा. नाणे मिळायचे ते गोऱ्याच्या खाणीत नाहीतर मळ्यात राबूनच. तलवारीने जे काम होत नसे ते या कराने बिनबोभाट होऊ लागले. लोकांनी तो निमूट सोसला असेही नाही. १८९८ साली सिएरा लिओनमध्ये बाई बुरे नावाच्या सरदाराने झोपडीपट्टीविरुद्ध शस्त्र उचलले. आपल्याला बाई हा शब्द निराळा वाटेल, पण तिकडे ती राजाची पदवी आहे. १९०६ साली नाताळमध्ये माणशी एक पौंड डोईपट्टीवरून झुलू लोक उठले. जर्मनांच्या ताब्यातल्या पूर्व आफ्रिकेत सक्तीने कापूस पेरायला लावला, म्हणून १९०५ साली भडका उडाला, तो १९०७ पर्यंत धुमसत होता. दक्षिणेत तर १८८६ साली विटवॉटर्सरँडला सोने सापडले आणि १९१३ च्या कायद्याने काळ्या लोकांसाठी देशातली अवघी सात टक्क्यांच्या आसपास जमीन राखून ठेवली गेली. जमीन गेली की माणूस आपोआप खाणीकडे चालू लागतो.

या काळ्याकुट्ट काळात मला एक माणूस मोठा लोभसवाणा वाटतो. एडमंड मोरेल त्याचे नाव. लिव्हरपूलच्या एका जहाज-कंपनीत तो कारकून होता. कामासाठी त्याला बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात जावे लागे. काँगो तेव्हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीचा होता. त्या राजाने काँगोत कधी पाऊलही टाकले नाही. मोरेल जहाजांच्या मालाची टिपणे पाहू लागला. काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंत यांनी भरून येत होती. परत जाताना त्यांत काय जात होते? मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा. विकायचा माल जवळजवळ नाहीच. मोरेल विचार करू लागला: एवढ्या रबराच्या बदल्यात तिथल्या माणसांना जर काहीच पोहोचत नाही, तर ते रबर गोळा तरी कशासाठी करतात? उत्तर एकच होते. बंदुकीच्या धाकाने. काँगोला न जाता, केवळ जमेच्या आणि खर्चाच्या रकान्यांवर बोट ठेवून त्याने हे ताडले. १९०१ साली त्याने नोकरी सोडली आणि लेखणी उचलली. त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या ओरडीने अखेर १९०८ साली राजाला काँगो सोडावा लागला. हिशेबाची वही नीट वाचता येणे ही केवढी थोर विद्या आहे!

इथवर वाचून कुणाला वाटेल, की आफ्रिकेच्या वाट्याला केवळ सोसणेच आले. म्हणून आता कोकोची गोष्ट सांगतो. टेटे क्वार्शी नावाचा एक लोहार सोन्याच्या किनाऱ्यावरून फर्नांदो पो बेटावर कामाला गेला होता. १८७९ साली तो परतला तेव्हा त्याच्याजवळ कोकोच्या बिया होत्या. कोकोचे फळ आपल्या फणसासारखे खोडालाच लगडते. ते फोडून आतल्या बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवतात आणि चटयांवर उन्हात वाळवतात. मुळात हे झाड अमेरिकेतले, आफ्रिकेला परके. पण तिथल्या शेतकऱ्यांनी ते आपलेसे केले. मळे गोऱ्यांचे नव्हते, कुणी सक्ती केली नव्हती. घामाचे पैसे साठवून, चार कुटुंबांनी मिळून रान विकत घेऊन, पायी चालत जाऊन त्यांनी झाडे लावली. १९११ पर्यंत त्या एवढ्याशा मुलखाने कोकोच्या बाबतीत जगात पहिला क्रमांक मिळवला!

पण पीक आपले असले म्हणून भाव आपला होतो का? हे आपल्या कापूसवाल्याला नि कांदेवाल्याला विचारावे. १९३७ साली कोको विकत घेणाऱ्या युरोपीय कंपन्यांनी आपसात करार केला, की एकमेकांशी चढाओढ करून भाव वाढवायचा नाही. शेतकऱ्यांना याचा सुगावा लागला. तेव्हा त्यांनी काय करावे? त्यांनी कोको विकलाच नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. १९३७ च्या शरदापासून १९३८ च्या एप्रिलपर्यंत पोती घरात रचून ठेवली. गावचे प्रमुख त्यांच्या पाठीशी राहिले. विलायती माल घ्यायचा नाही, असेही ठरले. कर्ज अंगावर, घरात रोकड नाही, आणि खोलीत तयार पीक वासाने घमघमतेय. या पाच-सहा महिन्यांत त्या घरांतल्या बायामाणसांनी दिवस कसे काढले असतील, याची कल्पना आपल्या शेतकऱ्याच्या घरात सांगावी लागणार नाही. अखेर सरकारला चौकशी नेमावी लागली आणि कंपन्यांना तो करार बाजूला ठेवावा लागला.

यातून पुढे १९४७ साली कोकोची खरेदी करणारे सरकारी मंडळ निघाले. भाव चढा असताना थोडे मागे ठेवायचे आणि पडल्यावर शेतकऱ्याला सावरायचे, अशी कल्पना. कल्पना सोन्यासारखी होती. पण मागे ठेवलेला पैसा लंडनच्या रोख्यांत जाऊन बसला. ६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला. सोन्याचा किनारा हे डब्यावरचे नाव पुसून त्याने घाना हे एका प्राचीन आफ्रिकी राज्याचे नाव घेतले. एन्क्रुमा यांनी शाळा, रस्ते, कारखाने काढले. व्होल्टा नदीवर अकोसोंबोचे प्रचंड धरण बांधले. भरवसा सगळा कोकोवर. १९५४ साली टनाला साडेचारशे पौंडांवर गेलेला कोको १९६५ साली शंभर पौंडांच्याही खाली उतरला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६६ मध्ये, लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केले. यात त्यांच्या एकतंत्री कारभाराचाही हात होता. शेतकऱ्याचा पैसा मंडळातून भलतीकडे वळला, हेही खरे. परका भाव पाडतो आणि घरचा कोठार फोडतो; शेतकऱ्याला दोघांचाही मार सारखाच लागतो.

त्या पडत्या काळातली एक गोष्ट मात्र मला विसरता येत नाही. जुलै १९६५ मध्ये घानाने पौंड सोडून आपले स्वतःचे चलन काढले. त्याचे नाव ठेवले सेडी. अकान भाषेत या शब्दाचे मूळ ज्या शब्दात आहे त्याचा अर्थ कवडी! जिच्या मोलाने आपली माणसे विकली गेली, जिला परक्यांनी आधी ओतून आणि मग नाकारून मातीमोल केले, तिचेच नाव त्या लोकांनी आपल्या नव्या नाण्यावर कोरले. त्या नाण्यालाही पुढे सुख लाभले नाही. महागाईने ते इतके झिजले, की २००७ साली दहा हजार जुन्या सेडींची एक नवी सेडी करावी लागली. शेजारच्या फ्रेंच वसाहती स्वतंत्र झाल्या तरी त्यांचे चलन फ्रान्सच्या चलनाला बांधलेले राहिले. जानेवारी १९९४ मध्ये त्याची किंमत एका रात्रीत निम्मी केली गेली. सकाळी उठून बाजारात गेलेल्या बाईच्या पिशवीतले पैसे तेवढेच होते, औषध मात्र दुप्पट महाग झाले होते.

आज जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात त्याचा भाव टनाला बारा हजार डॉलरांवर गेला. शेतकऱ्याची चंगळ झाली असेल, असे कुणालाही वाटेल. पण भाव चढला होता तो रोगाने आणि लहरी पावसाने झाडे रिती झाली म्हणून. आणि शेतकऱ्याला मिळायचा दर सरकारने हंगामाच्या हिशेबाने आधीच बांधलेला होता. वर्षभरात बाजारभाव निम्म्यावर आला. दिवाळीत काजूकतलीच्या शेजारी आता चॉकलेटचीही पेटी येऊन बसते. मुलांच्या हातून ती काढून घ्यावी असे मी म्हणणार नाही. त्या सोनेरी कागदाच्या आत कुणाचे आंबवणे आणि वाळवणे आहे, एवढे त्यांना सांगावे.

तिकडे नव्या वाटाही फुटत आहेत. शेजाऱ्याशेजाऱ्यांत व्यापार वाढावा म्हणून आफ्रिकेतल्या ५४ देशांनी एका करारावर सह्या केल्या, आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याप्रमाणे व्यापार सुरू झाला. त्याची कचेरी आहे घानाच्या राजधानीत, आक्रा इथे. खाणीतून बंदराकडे धावणाऱ्या त्या एकट्या रेघांना आडव्या रेघांनी जोडण्याचे हे काम आहे. एका पिढीत ते संपणार नाही.

आणि २००७ सालीच केनियात आणखी एक नवल घडले. बँकेचे तोंडही न पाहिलेली माणसे साध्या मोबाईलवरून एकमेकांना पैसे पाठवू लागली. नैरोबीत राबणारा मुलगा बटणे दाबतो, आणि दूर खेड्यातल्या आईच्या हातातल्या यंत्रावर अक्षरे उमटतात. या सोयीचे नाव एम-पेसा. पेसा हा स्वाहिली शब्द, अर्थ पैसा. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेला तो आपला पैसा, हिंदी महासागराच्या वाऱ्यावर तिकडे गेला आणि तिथल्याच मातीत रुजला. आता तो त्यांचा आहे, आणि आईने लेकाकडून आलेला आकडा वाचून समाधानाने मान हलवावी, इतका घरचा आहे.

कवडी जहाजाच्या तळातून आली, तिच्याबरोबर मोल ठरवणारेही आले. ते मोल पुन्हा आपल्या हाती घेण्यासाठी एक खंड अजून झगडतो आहे. १९३७ सालच्या त्या शेतकऱ्यांनी पोत्यांवर बसून जे ओळखले होते, ते कुठल्याही अर्थशास्त्राच्या ग्रंथाइतके मोठे आहे: आपल्या कष्टाला दुसरा कवडी म्हणाला, म्हणून त्याच भावाने ते त्याच्या पदरात घालायचे नसतात.